बदली माणूस

मॉस्को, परदेशी वस्ती
६ सप्टेंबर

हेनिंग,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी अकरा ओळी, त्यातल्या तीन हवापाण्याच्या. ‘आदरणीय डॉक्टर ब्रांडिस यांस’ असा मायना घालून सख्ख्या बापाला लिहिणारा मुलगा अख्ख्या ल्युबेक शहरात तू एकटाच असशील. असो. अक्षर मात्र आईसारखं आलंय, सरळ आणि टोचरं.

आई गेली तेव्हा मी आलो नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस. त्याचं उत्तर द्यायला मला पाच पानं लागतील, आणि ती मी आज लिहिणार नाही. इथून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र झारच्या औषध कचेरीत उघडतात. साव्वा नावाचा दुभाषा ते वाचतो आणि वरच्यांना काय सांगायचं ते ठरवतो. साव्वा, वाचतोयस ना? मागच्या वेळी माझ्या पत्रावर कोबीच्या सुपाचा डाग पाडलास. दुसऱ्याची पत्रं वाचताना जेवू नये, बाबा.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. तू लायडनची पदवी घेऊन आलास आणि गावाने नगरवैद्याची जागा महापौराच्या जावयाला दिली. वा रे गाव! म्हणून तुला मॉस्को आठवलं. इथे परदेशी डॉक्टरला मागणी आहे का, विचारतोस. आहे. झारच्या दरबारात आम्ही तिघे आहोत. एक इंग्रज, तो ठार बहिरा. एक डच, तो दुपारनंतर उभा राहू शकत नाही. आणि मी. घर मिळतं, घोडा मिळतो, हिवाळाभर लाकूड, आठवड्याला मासे, सणाला फरची कातडी. रस्त्यात लोक टोपी काढतात. काही जण थुंकतात, पण तेही टोपी काढूनच.

कामाची तऱ्हा मात्र ऐकून ठेव, नाहीतर आल्या दिवशी हसशील आणि पंचाईत होईल. राणीवशातल्या बाईला तपासायचं तर खोलीत काळोख करतात. तोंड बघायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. पडद्यातून एक हात बाहेर येतो, त्यावर तलम कापड. त्या कापडावरून नाडी बघायची. प्रश्न राणीवशाच्या कारभारीण उस्तिन्याबाईंना विचारायचे, त्या आत जाऊन उत्तर आणतात. औषधाची तऱ्हा आणखी मजेची. आधी मी प्यायचं, मग ज्याने बनवलं त्या कास्परने, मग कचेरीचे मुख्य सरदार ओदिन्त्सोव यांनी, मग उस्तिन्याबाईंनी, आणि उरलं तर रोग्याने. जुलाबाचं औषध असलं की त्या दिवशी कचेरी बंद.

तू आलास तर मला घरी जायची रजा मिळेल. सरदार म्हणाले, “डॉक्टर, तुम्हाला अडवतंय कोण? बदली माणूस द्या आणि खुशाल जा.” मी म्हणालो, “मुलगा देतो.” ते म्हणाले, “तुमच्याइतका हुशार आहे?” मी म्हणालो, “माझ्याहून.” ते म्हणाले, “मग आजवर कुठे लपवला होता?” करार दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात.

ये. मी छप्पन्न वर्षांचा झालो रे. गुडघे धरतात.

तुझा बाप,
देत्लेफ

९ नोव्हेंबर

हेनिंग,

होकार पोचला. या वेळी चार ओळी, पण मायना ‘बाबा’ असा. मी तो साव्वाला मोठ्याने वाचायला लावला. “देत्लेफ यूरिएविच,” तो म्हणाला (इथे बापाचं नाव जोडून हाक मारतात), “मी आधीच वाचलाय. दोनदा.” गधडा.

तुझा प्रवास परवाना सरहद्दीपलीकडे रीगाला पाठवलाय. बर्फ पडून रस्ते घट्ट झाले की घसरगाडीने ये. चिखलात निघालास तर नोव्हगोरोदपर्यंत गाडी खांद्यावर घ्यावी लागेल. लोकरीचे मोजे तीन जोड आण. इथले टोचतात.

धाकट्या राजकन्येला बरं नाही. मला तीनदा बोलावलं. ताप येतो, खोकला आहे, असं उस्तिन्याबाई सांगतात. नाडी मात्र उत्तम. ठणठणीत, सावकाश, भरलेली. लघवीची बाटली पाठवली, तीही स्वच्छ. तिन्ही वेळा तेच. ज्येष्ठमधाचा काढा दिला.

कास्पर कुरकुरला. “हे काय औषध झालं, डॉक्टर? हे माझी विबके केकमध्ये घालते.”

“नाडी चांगली आहे, कास्पर.”

“मग ताप कोणाला आहे?”

“तू घोट,” मी म्हणालो. तो हसला आणि घोटायला लागला. चौदा वर्षांत मी कमावलेला तो एकच मित्र. तू आलास की रविवारी त्याच्याकडेच जेवायचं. विबके बदक भाजते, आणि तो त्यावर इतकं बोलतो की बदक गार होतं.

तुला एक गोष्ट विचारायची होती. तू ताजा शिकलेला आहेस. पण राहू दे, भेटीत बोलू. इथे कधीकधी डॉक्टरने कमी जाणावं हेच बरं असतं.

लवकर ये.

बाबा

१२ डिसेंबर

प्रिय चिरंजीव हेनिंग,

कळवण्यास दुःख होतं की धाकटी राजकन्या गेल्या आठवड्यात देवाघरी गेली. औषध बनवण्यात हयगय झाली असं चौकशीत ठरलं आहे. ते बनवणारा इसम अटकेत आहे. माझ्यावर कोणताही ठपका नाही. सरदारांची मर्जी आहे. माझा रजेचा कागद तयार आहे, तू कचेरीत रुजू झालास की त्यावर मोहोर होईल.

अक्षर हललंय ते थंडीमुळे. शाई गोठते.

विबके आली होती. नवऱ्याच्या सुटकेचा अर्ज लिहून द्या म्हणाली, तुमची भाषा चांगली आहे. दिला लिहून.

तुझा बाप,
देत्लेफ ब्रांडिस

१४ जानेवारी

हेनिंग,

येऊ नकोस. सगळ्यात आधी हे. जिथे असशील तिथून माघारी फीर.

हे पत्र कचेरीतून गेलेलं नाही. हॅम्बुर्गचा एक व्यापारी कातड्यांच्या गठ्ठ्यात घालून नेतोय. तू अजून रीगातच असशील या आशेवर लिहितोय. आजवर या देशातून तुला जे लिहिलं ते साव्वाने वाचावं असं लिहिलं होतं. हे तेवढं तुझ्यासाठी.

माझाही करार दोन वर्षांचाच होता. कळलं? दोन. तुझ्या आईला मी शपथेवर सांगून निघालो होतो. दोन वर्षांनी निरोप घ्यायला गेलो, तर म्हणाले बदली माणूस आणा. कुठून आणू? ती आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी सरदारांच्या दारात बर्फात गुडघे टेकले. त्यांनी आत बोलावलं, गरम दारू पाजली आणि परत पाठवलं. ती गेल्याचं पत्र मला मिळालं चार महिन्यांनी, कारण तेवढे दिवस ते कचेरीत पडून होतं. तुला हे आधी लिहिता आलं नाही, आणि जेव्हा लिहिता आलं असतं तेव्हा लाज वाटली.

आता राजकन्येचं ऐक. तो हात तिचा नव्हता.

पहिल्याच दिवशी मला कळलं. कापड तलम असतं, पण डॉक्टरची बोटं म्हणजे काय लाकडं नव्हेत. बोटांची पेरं फुटलेली, तळवा खरखरीत. धुणं धुणाऱ्या बाईचा हात. बारा वर्षांच्या राजकन्येचा असा हात? परक्या धर्माच्या माणसाचा स्पर्श झाला तर पोरीला बाधा होईल, म्हणून उस्तिन्याबाईंनी पडद्याआड दासी बसवली होती. बाटलीही तिचीच. वाईट हेतू काही नव्हता. त्या पोरीला त्या जिवापाड जपत होत्या, तेच तर सगळ्यात वाईट. त्यांना वाटे डॉक्टर म्हणजे औषधाची किल्ली. किल्ली कुठल्या का हाताने फिरेना, पेटी उघडल्याशी कारण.

तिसऱ्या खेपेला मी नाडी धरून बसलो होतो आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. ओला, खोल, छातीच्या तळातून येणारा. मी तो खोकला चांगला ओळखतो. त्या छातीवर लेप हवे होते, शेक हवा होता, खोलीतला धूप बंद करायला हवा होता. वाचली असती असं छातीठोक सांगत नाही. पण काहीतरी करता आलं असतं. माझ्या बोटांखालचा तो हात मागे सरकला. तिलाही कळलं होतं की मला कळलंय.

मी विचारलं, “खोकतंय कोण?”

उस्तिन्याबाई म्हणाल्या, “दासी.”

एवढंच म्हणायचं होतं, की बाई, हा हात दासीचा आहे, मला राजकन्येकडे न्या. पण त्या झारच्या सासूच्या सख्ख्या बहीण. त्यांना खोटं पाडणारा माझ्या आधीचा डॉक्टर आज सैबेरियात कैद्यांचे दात उपटतोय. आणि तू निघणार होतास. माझ्या रजेला महिना-दीड महिना उरला होता. मी ज्येष्ठमध लिहून दिला आणि हात धुतले.

पोरगी गेली. मग कोणाला तरी धरायला हवं होतं. उस्तिन्याबाईंना कोण धरणार? मला धरलं असतं, पण दरबारी डॉक्टर चुकला म्हणजे त्याला नेमणारे सरदार चुकले. राहिला कास्पर. तो काढा मी प्यायलो होतो, कास्पर प्यायला होता, सरदार प्यायले होते, बाई प्यायल्या होत्या. सगळे धडधाकट. त्याहून मोठा पुरावा कोणता हवा? तर सरदारांनी तोड काढली, म्हणे चाखून झाल्यावर त्याने त्यात काहीतरी मिसळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं कसलं, सही केली. तसा जबाब माझ्यापुढे ठेवला, शेजारी माझा रजेचा कागद ठेवला.

कास्पर समोर उभा होता. म्हणाला, “डॉक्टर, सांगा ना त्यांना. तुम्हीच पहिले प्यायलात.” मी लेखणीच्या टोकाकडे बघत राहिलो. तो पुन्हा म्हणाला, “अहो, सांगा ना,” जशी काही माझ्या लक्षात यायचीच राहिली होती ती गोष्ट.

चाबकाच्या तिसऱ्या दिवशी तो मेला. विबकेला अजून कळवलेलं नाही. ती रोज गरम पाव घेऊन येते आणि विचारते, अर्जाचं काय झालं. तो पाव मी खातो, हेनिंग. आता तुला बाप कसा आहे ते कळलं.

त्या कागदावर मोहोर व्हायला तुझं येणं हवंय. आणि इथे आलास की त्या काळोख्या खोलीत माझ्या जागी तू बसशील, दोन वर्षं, मग चौदा वर्षं, आणि एक दिवस तुझ्यापुढेही असाच कागद ठेवतील. मी तुला स्वतःच्या सुटकेसाठी विकत होतो. फीर माघारी. ल्युबेकमध्ये गुरांचा वैद्य हो, पण इथे येऊ नकोस.

बाबा

२७ फेब्रुवारी

हेनिंग,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू रीगात असशील, सरहद्दीच्या पलीकडे. त्याआधी द्यायचं नाही असं व्यापाऱ्याला बजावलंय. माझं नाव ऐकून पत्र शेगडीत टाकावंसं वाटेल. शेवटपर्यंत वाच आणि मग टाक.

आधीचं पत्र याच्यासोबत आहे. ते तुला मिळालं नाही, कारण तू चार दिवस आधीच रीगा सोडलं होतंस. तो व्यापारी ते परत घेऊन आला. त्यात सगळं लिहिलंय, ते आधी वाच.

तू मॉस्कोत आल्याचं मला साव्वाने सांगितलं. “आला बरं का. तुमच्याच नाकाचा आहे.” मी धावत निघालो, तर पहारेकऱ्याने अडवलं. परीक्षा होईपर्यंत परीक्षकाने उमेदवाराला भेटायचं नाही, अशी रीत. परीक्षक मीच. इंग्रजाला ऐकू येत नाही आणि डच दुपारी उभा राहत नाही, म्हणून इथे कोणी डॉक्टर आला तर त्याची परीक्षा मीच घेतो. जो नापास होतो त्याला आठ दिवसांत सरहद्दीबाहेर काढतात. या देशातून डॉक्टरला बाहेर जायचं तेवढं एकच दार आहे.

तुला पळवून लावता येईल का, आजारी आहेस असं सांगता येईल का, सगळं मनात करून पाहिलं. दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं.

तू आत आलास. तेरा वर्षांचा सोडून आलो होतो तो माझ्याहून वीतभर उंच. तू माझ्याकडे बघून हसलास. मी हसलो नाही ते तू पाहिलंस, आणि तुला वाटलं असेल, बाबा कामाच्या ठिकाणी कडक असतात.

मी लॅटिनमध्ये विचारलं, छातीच्या दाहात नाडी कशी लागते. तू सांगितलंस. इतकं नेमकं, इतकं स्वच्छ. असं उत्तर मी आयुष्यात दिलं नाही. मी साव्वाकडे वळून म्हणालो, “चूक.”

साव्वाला लॅटिन माझ्याहून चांगलं येतं. तो माझ्याकडे बघत राहिला. सरदारांनी विचारलं, “काय म्हणतात डॉक्टर?” साव्वाने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो म्हणाला, “चूक म्हणतात, सरकार.”

ज्वराबद्दल विचारलं, चूक. रक्त किती काढावं, चूक. मूतखडा, चूक. तुझा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. शेवटी तू आपल्या भाषेत ओरडलास, “माझी आई तुमची वाट बघत मेली, आणि आता माझं तोंडही तुम्हाला बघवत नाही?” मी म्हणालो, “याला ल्युबेकचे गायीबैलही हात लावू देणार नाहीत.” साव्वाने तेही भाषांतर करून सांगितलं. सगळे हसले. इंग्रजाला काही ऐकू आलं नव्हतं, तोही हसला. तू जाताना माझ्या पायाशी थुंकलास.

तुझी चारही उत्तरं बरोबर होती. माझ्या तोंडून हे ऐकायचा हक्क आहे तुला. चारही. मूतखड्याचं तर मला नवीनच कळलं, ते मी रात्री लिहून ठेवलं.

नंतर जिन्यात साव्वाने माझी बाही धरली. कास्परबरोबर तो दर शनिवारी हमामात जायचा. हळूच म्हणाला, “हे धाडस कास्परच्या वेळी कुठे गेलं होतं?”

मी म्हणालो, “तेव्हा मला घरी जायचं होतं.”

त्याने बाही सोडली. सांगणार नाही तो कोणाला. सांगितलं तर आधी त्याचीच मान जाईल.

संध्याकाळी सरदारांनी बोलावलं. मला वाटलं संशय आला. तर त्यांनी उठून मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी. “देत्लेफ यूरिएविच, माणसं नालायक पोरांना गादीवर बसवतात. तुम्ही घरी जायची संधी समोर असताना पोटच्या पोराला नापास केलंत. झारच्या आरोग्यासाठी! असा सच्चा माणूस मी मरेपर्यंत सोडणार नाही.” आणि माझा रजेचा कागद त्यांनी माझ्यादेखत शेगडीत घातला. मी आभार मानले. काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

विबकेला मी सगळं सांगितलं. सही माझी होती, हेही. आता पाव येत नाही.

एक काम तुला सांगायचं आहे. तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही हे ठाऊक आहे, तरी मागतो. मला पत्र लिही. या पत्राचं उत्तर नव्हे, याचा त्यात उल्लेखही नको. सरळ रस्त्याने, कचेरीतून येईल असं. त्यात मला शिव्या घाल. ढोंगी म्हण, पोटच्या पोराची अब्रू घेणारा म्हण, आईचा मारेकरी म्हण. ते तिथे उघडतील, वाचतील, आणि सरदारांना खात्री पटेल की परीक्षेत काही संगनमत नव्हतं. साव्वाची मान वाचेल, माझीही. प्रेमाचा एक शब्द त्यात आला, तर आम्ही दोघेही गेलो.

खरं-खोटं करत बसू नकोस. दोन्ही पत्रं वाचूनही राग उरला असेल, तर तो जसाच्या तसा उतरव, तुला सोपं जाईल. नसेल उरला, तर आठवून लिही.

लांब लिही, हेनिंग. अकरा ओळींत उरकू नकोस. ते तुझ्या हातचं शेवटचं पत्र असेल, आणि मला ते पुष्कळ दिवस पुरवायचं आहे.

बाबा